आरएक्स-८ : इनटेक आणि एक्झॉस्टमध्ये काय बदलावे, कोणत्या क्रमाने

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी २००६ सालची, इंग्लंडहून आलेली माझदा आरएक्स-८, सहा पोर्टचे (हवा आत घेणाऱ्या सहा तोंडांचे) २३१ पीएसचे इंजिन आणि सहा गिअरची मॅन्युअल. राहणे बाणेरला, रोजचा वापर शहरात आणि रविवारी ताम्हिणी किंवा लोणावळा. आपण उघडा कोन फिल्टर, स्टेनलेस हेडर (इंजिनातून जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या), कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून सरळ पाइप आणि मागे मोठा मफलर असा संच ठरवला आहे आणि यातून किती ताकद वाढेल, आधी काय बसवावे आणि रिमॅप (इंजिनाच्या संगणकातली मांडणी बदलणे) लागेल का, असे विचारले आहे. माझे उत्तर आपल्या यादीच्या जवळजवळ उलट दिशेने जाईल. या इंजिनात कारखान्याने हवेच्या वाटेवर आधीच इतके काम करून ठेवले आहे की नवीन पाइप घेण्यापूर्वी ते काम आपल्या गाडीत आज चालू आहे की नाही, हे तपासण्यातच सर्वांत जास्त अश्वशक्ती दडलेली असते.

आधी हे इंजिन जुन्या रोटरींपेक्षा, म्हणजे पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणाऱ्या इंजिनांपेक्षा, कुठे वेगळे आहे ते पाहू, कारण रोटरीविषयी जे सल्ले फिरत असतात त्यांतले बरेचसे जुन्या आरएक्स-७ चे आहेत. त्या १३बी इंजिनात एक्झॉस्ट पोर्ट रोटर हाउसिंगच्या (रोटर ज्यात फिरतो त्या कवचाच्या) परिघावर असे आणि एक्झॉस्ट पूर्ण बंद होण्यापूर्वी इनटेक उघडत असे. या ओव्हरलॅपच्या क्षणी हेडरमधली दाबाची लाट नेमकी परतली, तर ती जळका वायू बाहेर ओढून ताज्या हवेलाही आत यायला मदत करत असे. म्हणून त्या गाड्यांना चांगल्या हेडरचा फायदा ठळकपणे मिळायचा. आपल्या गाडीतील रेनेसिस, म्हणजे १३बी-एमएसपी, या इंजिनात एक्झॉस्ट पोर्ट बाजूच्या आयर्न प्लेटांमध्ये नेले आहेत. त्यामुळे ओव्हरलॅप शून्यावर आला, एक्झॉस्ट पोर्टांचे क्षेत्रफळ आधीच्या इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट झाले आणि इनटेक पोर्टही सुमारे ३० टक्क्यांनी मोठे झाले. २००३ साली याच इंजिनाला ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ हा सन्मान मिळाला, तो या मांडणीसाठीच होता असे म्हटले तरी चालेल. मात्र ओव्हरलॅपच नसल्यामुळे हेडरच्या ओढीने ताजी हवा खेचण्याची सोय इथे उरत नाही. शिवाय मधल्या आयर्नमधून दोन्ही रोटरांचा एक्झॉस्ट एकाच तोंडातून बाहेर पडतो, त्यामुळे प्रत्येक रोटरला स्वतंत्र आणि समान लांबीच्या नळ्या देणे शक्यच होत नाही.

“रोटरीला थोडे बॅकप्रेशर लागतेच” हे वाक्यही आपल्या कानावर आले असेल. त्याचा उगम खरा आहे, पण तो दुसऱ्या गाडीचा आहे. १९८६ ते १९८८ च्या बिनटर्बो आरएक्स-७ मध्ये पाचवा आणि सहावा पोर्ट उघडण्यासाठी एक्झॉस्टमधला दाबच वापरलेला होता. लोकांनी मोकळा एक्झॉस्ट बसवला की तो दाब पुरेसा राहत नसे, पोर्ट नीट उघडत नसत आणि वरची ताकद जात असे. १९८९ पासून त्या गाड्यांत हे काम एअर पंपाच्या दाबावर आले. रेनेसिसमध्ये तर ते व्हॅक्यूम आणि विजेच्या मोटरवर चालते. एक्झॉस्टमधल्या अडथळ्याचा या इंजिनाला कसलाही उपयोग नाही. उलट त्यातून साठणारी उष्णता साइड सीलना आणि ऑइल सीलना घातक आहे.

आता इनटेककडे येऊ, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. प्रत्येक रोटर एक्सेंट्रिक शाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) प्रत्येक फेऱ्याला ६५४ सीसी हवा घेतो. दोन रोटर धरले तर ८५०० आरपीएमला सेकंदाला साधारण १८५ लिटर हवा लागते, म्हणजे इतक्याच वेगाने फिरणाऱ्या २.६ लिटरच्या पिस्टन इंजिनाइतकी. ही हवा आत घेताना माझदाने चार टप्पे ठेवले आहेत. कमी आरपीएमला फक्त प्राथमिक पोर्ट चालू असतात. सुमारे ३७५० ला सेकंडरी शटर व्हॉल्व्ह उघडतो आणि दुय्यम पोर्ट हवा घेऊ लागतात. साधारण ५५०० ला एअर बॉक्सकडे जाणारी जादा ताज्या हवेची वाट खुली होते, ६२५० च्या आसपास ऑक्झिलरी पोर्ट उघडतात आणि सुमारे ७२५० ला व्हीडीआय व्हॉल्व्ह उघडून मॅनिफोल्डची परिणामी लांबी कमी होते.

हा शेवटचा टप्पा नीट समजून घेण्यासारखा आहे. एका रोटरचा इनटेक बंद होतो तेव्हा चालत आलेली हवा अडते आणि दाबाची लाट उलटी फिरते. ती दुसऱ्या रोटरच्या पोर्टशी योग्य क्षणी पोहोचली, तर तिथे हवा जास्त कोंबली जाते. दोन रोटरांमध्ये अर्ध्या फेऱ्याचे अंतर असते, आणि ८५०० आरपीएमला अर्धा फेरा साधारण साडेतीन मिलिसेकंदांत होतो. तेवढ्या वेळात ध्वनीची लाट सव्वा मीटरभर जाते. आरपीएम कमी असेल तर तिच्याजवळ वेळ जास्त असतो आणि वाटही लांब लागते. म्हणून एकच लांबी सगळीकडे पुरत नाही. १९९१ साली ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७बी गाडीच्या चार रोटरी इंजिनात तर इनटेकच्या नळ्या चालू इंजिनावर सरकून लांब-आखूड होत असत, आणि ते इंजिनही टर्बोशिवायचेच होते. बिनटर्बो रोटरीत ताकद कुठून येते, याचे त्याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आता हे सगळे आपल्या वापराशी जोडून पाहा. सहाव्या गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटरला ही गाडी साधारण ३००० आरपीएमवर चालते, आणि बाणेर ते हिंजवडीच्या गर्दीत ती त्याहूनही खाली राहते. म्हणजे आठवडाभर वरीलपैकी एकही व्हॉल्व्ह हलत नाही. न हलणाऱ्या भागावर ऑइल आणि कार्बनचा थर चढतो आणि काही महिन्यांत शटर व्हॉल्व्ह किंवा ऑक्झिलरी पोर्टची बाही जागेवरच चिकटते. गाडी चालते, आवाज करते, चेक इंजिनचा दिवाही नेहमी लागतोच असे नाही; फक्त ६००० च्या पुढे जो जोर यायला हवा तो येत नाही. अशा गाडीचा मालक कोन फिल्टर शोधू लागतो, आणि ते स्वाभाविकही आहे.

तपासणी अवघड नाही. शटर व्हॉल्व्हच्या ॲक्च्युएटरची व्हॅक्यूमची नळी काढून तिथे हातपंप लावावा आणि रॉडकडे पाहावे. तो एका दमात, न अडखळता सरकला पाहिजे, पंप बंद केल्यावर व्हॅक्यूम धरून ठेवला पाहिजे आणि सोडल्यावर स्प्रिंगने पूर्ण परत आला पाहिजे. अर्ध्यावर थांबून मग टचकन पुढे जाणारा रॉड म्हणजे आत कार्बन आहे. रॉड मोकळा असूनही व्हॅक्यूम टिकत नसेल तर ॲक्च्युएटरचा डायफ्रॅम फाटला आहे. पंपाने सारे ठीक चालत असेल पण गाडीवर हालचाल होत नसेल, तर सोलेनॉइड किंवा वीस वर्षांच्या उष्णतेने ठिसूळ झालेल्या बारीक रबरी नळ्या पाहाव्यात. ऑक्झिलरी पोर्टसाठी खालचा मॅनिफोल्ड उतरवून बाह्या काढून साफ कराव्या लागतात. तो दिवसभराचा उद्योग आहे, पण चिकटलेले पोर्ट मोकळे झाल्यावर परत मिळणारी ताकद बाजारातल्या कोणत्याही इनटेक किटपेक्षा जास्त असते.

त्याच भेटीत कॉम्प्रेशन मोजून घ्या, आणि तेही रोटरच्या तिन्ही फेसचे (बाजूंचे) आकडे वेगळे दाखवणाऱ्या रोटरी टेस्टरनेच. साधा पिस्टन गेज तिघांतला सर्वांत मोठा आकडा धरून बसतो आणि आजारी सील लपवतो. माझदाची किमान मर्यादा २५० आरपीएमला ६८० किलोपास्कल आहे. एका रोटरच्या तीन फेसमध्ये १५० पेक्षा आणि दोन रोटरांमध्ये १०० पेक्षा जास्त फरक नसावा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि इथला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी असतो, त्यामुळे आकडे साधारण १.०७ ने गुणून पाहावेत. ६४५ दिसले म्हणून घाबरून इंजिन उघडू नये. कॉइल, प्लग आणि वायर यांचे वय माहीत नसेल तर त्या बदलूनच टाका. कॉइल हा या गाडीचा ठरलेला दुबळा भाग आहे आणि त्याचा एक्झॉस्टशी थेट संबंध आहे, तो पुढे सांगतो.

वरील उंचीचा मुद्दा ताकदीलाही लागू आहे. बिनटर्बो इंजिन दाबाच्या प्रमाणात हवा घेते, म्हणून २३१ पैकी साधारण १५ पीएस आपण पुण्यात राहतो म्हणूनच जातात. त्यात एप्रिल-मेचा ४० अंशांचा दिवस धरला, तर २५ अंशांच्या तुलनेत हवा आणखी पाच टक्के विरळ होते. उघड्या कोन फिल्टरविषयी माझा आक्षेप इथूनच सुरू होतो. कारखान्याचा एअर बॉक्स बंद आहे आणि तो पुढून बाहेरची हवा घेतो. तो काढून बॉनेटखाली कोन लावला, की युनिव्हर्सिटी चौकातल्या सिग्नलला थांबून निघालेली गाडी ६०-६५ अंशांची हवा ओढते. २५ अंशांच्या हवेशी तुलना केली तर हा दहा-बारा टक्क्यांचा तोटा आहे, आणि कोणत्याही कोनाच्या कमी अडथळ्याने तो भरून निघत नाही. रेनेसिसमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, इनटेक वर आणि एक्झॉस्ट खाली असतो, त्यामुळे खालची धग आपोआप वर येते. कोनाने आवाज मात्र भरपूर वाढतो, आणि वाढलेला आवाज वाढलेल्या ताकदीसारखा वाटतो. म्हणून याबाबत कानावर न जाता आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा आकडा स्कॅनरवर पाहावा.

दुसरा मुद्दा हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरचा. त्याची तार ज्या नळीत बसते तिथला हवेचा वेग तो मोजतो आणि नळीचा व्यास ठाऊक असल्याच्या भरवशावर ईसीयू (इंजिनाचा संगणक) हवेचे वजन ठरवतो. समजा, ७० मिलिमीटरच्या जागी ७६ ची नळी आली. क्षेत्रफळ जवळजवळ १८ टक्क्यांनी वाढले, तेवढ्याच हवेला वेग कमी झाला, आणि ईसीयूने हवा कमी समजून पेट्रोल कमी दिले. हलक्या थ्रॉटलला ऑक्सिजन सेन्सर ही चूक सावरतो. पूर्ण थ्रॉटलला ईसीयू त्याचे ऐकत नाही, तो मोजलेल्या हवेवर आणि शिकलेल्या ट्रिमवर (पेट्रोल कमी-जास्त करण्याच्या दुरुस्तीवर) चालतो, आणि तेव्हा मिश्रण लीन, म्हणजे कमी पेट्रोलचे, राहिले तर अपेक्स सीलवर (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्यांवर) बेतते. सेन्सरच्या आधी नळीचा काही भाग सरळ हवा, वळणाला लागून बसवलेला सेन्सर घुटमळणारे आकडे देतो. तेल लावलेल्या कापडी फिल्टरवरचे तेल जास्त झाले की त्याचा चिकट थर त्या केसासारख्या बारीक तारेवर बसतो, त्यावर धूळ धरते आणि आकडे आणखी घसरतात. मेट्रोची आणि इमारतींची कामे चालू असलेल्या या शहरात मी कागदी फिल्टरच सुचवतो, तोही कंपनीने दिलेल्या मुदतीच्या निम्म्या अंतरावर बदलावा. रोटरीत आत गेलेली बारीक धूळ थेट अपेक्स सील आणि हाउसिंगच्या क्रोमवर घासते.

बंपरच्या तळाशी तोंड असलेले लांब इनटेक उन्हाळ्यात उत्तम असते, हे मान्य. पण जूनमधल्या एका जोरदार सरीनंतर सिंहगड रस्त्यावर किंवा कात्रजकडे किती पाणी साचते ते आपण पाहिले आहे, आणि रोटरच्या चेंबरमध्ये गेलेले पाणी दाबले जात नाही. तो मार्ग मी पुण्यातल्या रोजच्या गाडीला सुचवणार नाही. मूळ एअर बॉक्स, त्याचे सारे क्लिप आणि रबर जागेवर, पुढची नळी अखंड, स्वच्छ कागदी फिल्टर आणि खालच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे उष्णतारोधक पत्रे शाबूत एवढे असले की इनटेकचे काम झाले.

आता एक्झॉस्ट. या गाडीत अडथळा असतो तो मुख्यतः कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, आणि त्याला निकामी करतो तो कॉइल. कॉइल अशक्त झाला की मिसफायर होतो, न जळलेले पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळते, आतला मधाच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा वितळतो किंवा तुटतो आणि वाट बुजते. मग एक्झॉस्टचा दाब आणि उष्णता मागे इंजिनात साठते. गरम इंजिन सुरू होत नाही म्हणून आलेल्या गाड्यांत कॉम्प्रेशन गेलेले असते, पण ते का गेले याचा शोध बहुतेकदा बुजलेल्या कॅटपाशी आणि त्याआधीच्या कॉइलपाशी जाऊन थांबतो. कॅटच्या आधीचा सेन्सर काढून त्या भोकात दाबाचा गेज लावा. २५०० आरपीएमला दाब सतत तीन पीएसआयच्या वर राहत असेल तर कॅट काढून टॉर्च लावून आरपार पाहा.

तो बुजलेला निघाला तर बदली म्हणून मोकळ्या जाळीचा धातूचा कॅट घ्या. सरळ पाइप नको. कारणे तीन आहेत आणि तिन्ही मी गंभीरपणे मांडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने नोंदवलेल्या रचनेत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, ५००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाज आणि धूर यांसाठी कलम १९० वेगळे आहे. दुसरे कारण पीयूसी. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. रोटरीच्या चेंबरचा लांबट आकार आणि आत सोडले जाणारे ऑइल यांमुळे न जळलेले हायड्रोकार्बन मुळातच जास्त निघतात, त्यामुळे कॅटशिवाय ही मर्यादा पाळणे अवघड आहे. तिसरे कारण माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे आहे. आपल्या मागे दुचाकीवर बसलेल्या माणसाच्या नाकात जाणारा तो वायू आहे, आणि शहरातल्या हवेत आपण आधीच पुरेसे काही सोडत आहोत. चांगला मोकळा कॅट आणि सरळ पाइप यांतील ताकदीचा फरक रस्त्यावर जाणवण्याइतका नसतो. नोंदलेल्या रचनेबाहेरची कोणतीही बदली बसवण्यापूर्वी आरटीओकडे विचारून घेणे हेही त्यातच आले.

हेडरवर मी आपले पैसे खर्च होऊ देणार नाही. ओव्हरलॅप नाही, मधले तोंड सामाईक आहे, मूळ मॅनिफोल्डभोवतीचे पत्रे निघून गेल्यावर धग वरच्या इनटेककडे जाते, आणि पातळ पत्र्याचा हेडर दोन उन्हाळ्यांत वेल्डपाशी तडकतो. मूळ मॅनिफोल्ड तडकला असेल तर गोष्ट वेगळी; भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत टिग वेल्डिंगचे काम अतिशय चांगले होते, तिथे तो दुरुस्त करून घ्यावा. मागचा मफलर बदलायला माझी हरकत नाही, पण तो वजनासाठी आणि आवाजाच्या पोतासाठी बदलावा, पीएससाठी नव्हे. दोन रोटर प्रत्येक फेऱ्याला दोन ठोके देतात. ८५०० ला ते सेकंदाला सुमारे २८३ होतात, आणि मोठ्या रिकाम्या डब्यात ते कर्कश घुमतात. मध्ये रेझोनेटर आणि मागे आत जाळीची नळी आणि तिच्याभोवती भरण असलेला सरळ मार्गी मफलर असा जोड ऐकायला सुखद असतो आणि सोसायटीतल्या शेजाऱ्यांनाही सहन होतो.

रिमॅप लागेल का, तर होय, आणि तो वरील सगळे झाल्यावर. पूर्ण थ्रॉटलला वरच्या आरपीएमला कारखान्याचे मिश्रण कॅट वाचवण्यासाठी बरेच रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचे, ठेवलेले असते. निरोगी इंजिनात ते थोडे सावरले आणि व्हॉल्व्ह उघडण्याचे आरपीएम आपल्या एक्झॉस्टनुसार जुळवले, तर जी वाढ मिळते ती खरी आणि टिकणारी असते. मझदाएडिट आणि व्हर्साट्यूनर ही दोन्ही साधने या ईसीयूसाठी उपलब्ध आहेत. पण त्याआधी पेट्रोल कोणते हे ठरवा. आपल्या पंपांवर आता ई-२० मिळते. त्यातला इथेनॉल स्वतःच ऑक्सिजन घेऊन येतो, त्यामुळे ज्या गाडीचा मॅप शुद्ध पेट्रोलवर बेतला आहे तिचे मिश्रण पूर्ण थ्रॉटलला साधारण आठ टक्क्यांनी लीन होते. कारखान्याने ठेवलेला रिच राखीव भाग आज नकळत हाच तोटा सोसत असतो. ट्यूनरने तो राखीव भाग एका पेट्रोलवर काढून घेतला आणि आपण पुढच्या वेळी दुसरे भरले, तर इंजिनाला पाठीशी काहीच उरत नाही. म्हणून ज्या पेट्रोलवर गाडी कायम चालणार त्याच्यावरच मॅप करावा आणि मिश्रणाचे लक्ष्य हवा-पेट्रोल गुणोत्तरात न सांगता लॅम्ब्डामध्ये (त्या पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा आहे त्यात) सांगावे. पूर्ण थ्रॉटलला ०.८८ च्या आसपास हा मला सुरक्षित वाटणारा आकडा आहे.

डायनोच्या (ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर आकडा दुरुस्त केलेला आहे की कच्चा, हे विचारून घ्या, नाहीतर पुण्याची उंची कधी वजा होईल आणि कधी अधिक, आणि दोन कागदांची तुलनाच होणार नाही. आधीचा आणि नंतरचा रन एकाच डायनोवर, एकाच टायरच्या हवेत, सकाळच्या एकाच वेळी करावा. डायनो मिळत नसेल तर दुसऱ्या गिअरमध्ये नोंद घ्या. त्या गिअरमध्ये ताशी १०० ला इंजिन साधारण ८१०० वर असते, म्हणजे एक्सप्रेस वेच्या सपाट भागात, पहाटे, रिकाम्या रस्त्यावर, वेगमर्यादेच्या आत राहूनही चारही टप्पे नोंदीत येतात. आरपीएम, आत येणाऱ्या हवेचे तापमान, एमएएफचे ग्रॅम प्रति सेकंद, दोन्ही ट्रिम आणि वाइडबँड सेन्सरचा लॅम्ब्डा एवढे सहा रकाने पुरे आहेत. ६२५० आणि ७२५० पाशी एमएएफचा आलेख चढता न राहता सपाट होत असेल तर रिमॅपची वेळ अजून आलेली नाही, पुन्हा व्हॉल्व्हकडे जावे लागेल. दीर्घकालीन ट्रिम अधिक आठच्या वर दिसत असेल तर आधी हवेची गळती आणि एमएएफची तार तपासावी. अशी नोंद हाती असेल तर ट्यूनरशी होणारे बोलणे अर्ध्या तासात संपते, आणि तो आपल्याला कोणते किट विकू पाहतो यावरून तो रेनेसिस जाणतो की नाही हेही आपल्याला कळते.